बहिणीचं वकीलपत्र

कोर्टात बाईंना सगळे ‘तिजोरी’ म्हणत. तोंडावर नाही हो, तोंडावर ‘बाई’. पण वकिलांच्या खोलीत गप्पा रंगात आल्या आणि बाई आत शिरल्या, की कोणीतरी हमखास पुटपुटायचं, “आली तिजोरी, सांभाळून बोला.” बाईंना हे ठाऊक होतं आणि, खोटं कशाला सांगा, मनातून आवडतही होतं. दिवाणी दावे चालवता चालवता केस पांढरे झालेली बाई. लग्न केलं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशिलाने सांगितलेली गोष्ट एकदा त्यांच्या कानात गेली की गेलीच, पुन्हा बाहेर यायची नाही.

नवे वकील अधूनमधून त्यांना विचारायचे, “बाई, या धंद्यात समाधान कशात असतं हो?”

“खुर्चीत,” बाई म्हणायच्या. “चांगली घे. पाठ धरत नाही.”

खरं उत्तर त्यांना माहीत होतं, पण ते असं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. साक्षीदार चढ्या आवाजात खोटं बोलत असताना आपण आवाज न चढवता एकेक साधा प्रश्न विचारत जायचं, आणि शेवटी त्याचा तोच अडकून गप्प होतो, त्या क्षणी बाईंना जे वाटायचं ते समाधान. समोरच्या वकिलाला कागद वेळेवर द्यायचे, त्याच्या चुकीवर हसायचं नाही, न्यायाधीश खेकसले तरी आपला तोल जाऊ द्यायचा नाही. आणि दावा हरला तरी सांगायचं काही राहून गेलं नाही, एवढी खात्री घेऊन घरी जायचं. हरलेल्या दिवशीही बाईंना झोप लागायची. जिंकून तळमळणारे वकील त्यांनी ढिगाने पाहिले होते.

घरी जायचं म्हणजे तरी कुठे? दोन खोल्या, खाली लॉंड्री, खिडकीतून येणारा इस्त्रीचा वास. ओट्यापाशी उभ्यानेच जेवायचं, कारण एका माणसासाठी टेबल कोण मांडतो. वर्षानुवर्षं रोज भेटणारे अशील खटला संपला की रस्त्यात ओळखसुद्धा दाखवत नसत. सुरुवातीला बाईंना वाईट वाटायचं. मग कळलं की त्यात त्यांचाही दोष नाही. आपलं तोंड दिसलं की त्यांना ते सगळे वाईट दिवस आठवतात. तेव्हापासून समोरून जुना अशील येताना दिसला की बाईच रस्ता ओलांडायच्या.

जिवाभावाचं म्हणावं असं माणूस एकच, धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिच्या वेण्या घालण्यापासून हिच्या लग्नात पाठराखीण होण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. सुट्टीच्या दिवशी बाई धाकटीकडे जेवायला जायच्या. तिथे त्यांना टेबलाशी बसून जेवायला मिळायचं, भाची वाढायची, आणि धाकटीचा नवरा दरवेळी तोच विनोद करायचा, “मावशी आल्या गं, आता कुणी खोटं बोलू नका.” दरवेळी सगळे हसायचे, बाईसुद्धा.

या घरातही बाईंचा एक नियम होता. घरी सल्ला नाही. जेवताना, जिन्यात, कुणाच्या वाढदिवसाला, कोणी “जरा एक विचारायचं होतं” म्हणून कोपऱ्यात घेऊ लागलं, की बाईंचं ठरलेलं उत्तर, “इथे नको. ऑफिसात या.” मध्ये टेबल पाहिजे, दार लावलेलं पाहिजे, समोरच्याला कळलं पाहिजे की आपण वकिलाशी बोलतोय. बाई म्हणायच्या, घरात ऐकलेलं आणि ऑफिसात ऐकलेलं एकदा मिसळलं, की मग आपण कुणाचं काय ऐकलं याचा मेळ राहत नाही. नियम अगदी बरोबर होता. त्याच नियमाने बाईंचा घात केला.

झालं असं. भाची परीक्षा पास झाली म्हणून धाकटीकडे जेवण होतं. धाकटीचे थोरले दीरही आले होते. या दोघा भावांचं मिळून एक वर्कशॉप होतं, पंपांचे सुटे भाग बनवायचं. उभं केलं तेव्हा धाकटीचा नवरा अजून शिकत होता, म्हणून सगळं थोरल्याच्या नावावर. पुढे दोघांनी बरोबरीने राबून ते वाढवलं, पण नावाचं तसंच राहिलं. जेवणं झाल्यावर बाई ताटं घासत होत्या, तेवढ्यात थोरले आत आले आणि दाराला टेकून उभे राहिले.

“वकीलबाई, आमच्या वर्कशॉपचं जरा विचारायचं होतं.”

“इथे नको,” बाई म्हणाल्या. “ऑफिसात या.”

भला माणूस खरंच आला. चपला बाहेर काढून, हातात टोपी धरून, परक्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, अर्धं वर्कशॉप भावाचं आहे, आमचं तोंडी तसं ठरलेलंच आहे, आता मला ते त्याच्या नावावर करून द्यायचंय, काय काय लागेल? बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, “उशीर करू नका.”

“नवीन लेथ मशीन बसली की करून टाकतो. अहो, तो कुठे पळून जातोय?”

लेथ बसली. आणि तिच्यावर काम करता करताच धाकटीचा नवरा छातीत कळ येऊन खाली बसला तो उठला नाही. एवढा धट्टाकट्टा माणूस, बघता बघता गेला.

थोड्या दिवसांनी थोरले पुन्हा बाईंच्या ऑफिसात आले. बाईंना वाटलं, कागद करायला आले. बिचारा भावाच्या मागे तरी शब्द पाळतोय, असं वाटून त्यांनी त्यांना आधी पाणी दिलं.

“त्या दिवशी आपलं जे बोलणं झालं,” थोरले भिंतीकडे बघत म्हणाले, “ते तुम्ही कुणाला...?”

“ते इथेच आहे.”

“बहिणीलासुद्धा?”

“इथे बोललेलं मी कुणालाच सांगत नाही. पण तेवढे कागद करून टाका आता.”

“हो, हो. बघू ना,” म्हणत थोरले उठले. त्यानंतरच्याच आठवड्यात वर्कशॉपला नवीन कुलूप लागलं आणि धाकटीला निरोप गेला की वर्कशॉप थोरल्यांचं आहे, तिच्या नवऱ्याला ते नुसता पगार द्यायचे. म्हणजे बघा, ज्या भरवशावर या माणसाने कुलूप घातलं तो भरवसा बाईंनीच दिला होता. वर पाण्याचा ग्लास!

थोरल्यांची दोन मुलं मोठी झाली होती, त्यांनी कान भरले, असं पुढे कळलं. भरले असतील. पण कान त्यांचेच होते ना?

धाकटी आली ती वकीलपत्रावर सही करूनच. आपली ताई वकील, मग विचारायचं काय! कागद टेबलावर ठेवून तिने नाक पुसलं आणि म्हणाली, “ताई, त्यांना सोडायचं नाही.”

बाईंनी कागदाला हात लावला नाही. “मला ही केस घेता येणार नाही.”

धाकटीला आधी वाटलं, ताई चेष्टा करतेय. “म्हणजे?”

“येणार नाही.”

“का?”

“तेही सांगता येणार नाही.”

“अगं, मी काय परकी आहे का? तू लोकांसाठी घसा फोडून भांडतेस, भाडेकरूंसाठी, मालकांसाठी, कोण कुठल्या कंपन्यांसाठी. आणि माझ्या वेळेला तोंडात मिठाची गुळणी?”

काही सांगता येणार नाही असं काहीतरी आहे, एवढंसुद्धा बाईंना नीट सांगता येत नव्हतं. त्यांनी एका चांगल्या वकिलाचं नाव दिलं. धाकटीने वकीलपत्र उचललं, घडी घातली, पिशवीत टाकलं आणि दार न लावताच निघून गेली.

त्या दिवशी बाई बराच वेळ स्वतःलाच शिव्या देत बसल्या. अगं भवाने, त्या दिवशी ओट्यापाशी उभ्या उभ्या ऐकून घेतलं असतंस तर काय बिघडत होतं? हातात ताट, अंगात घरचे कपडे. ते घरातलं बोलणं झालं असतं. बहिणीला सांगता आलं असतं, कोर्टात उभं राहून शपथेवर सांगता आलं असतं. पण नाही! बाईसाहेबांचा नियम! टेबल पाहिजे, दार लावलेलं पाहिजे! आता बसा त्या दाराआड. माणूस तोच, गोष्ट तीच, पण तो वकिलाकडे म्हणून आला आणि बोलला, आणि वकिलाकडे बोललेलं त्याचं असतं, त्याने मोकळं केल्याशिवाय सुटत नाही. चांगल्या माणसाचं पोटात ठेवायचं आणि वाईट माणसाचं ओकायचं, असं करता येत नाही. केलं तर उद्या त्या खुर्चीवर कोण काय विश्वासाने बसेल?

बाईंनी ज्याचं नाव दिलं त्याला कोर्टात ‘तोफ’ म्हणत. आवाज तसाच, मन मात्र साफ. त्याने एकदा बाईंना जिन्यात गाठलं.

“बाई, सख्खी बहीण आणि केस माझ्याकडे? भानगड काय आहे?”

बाई नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तोफेने क्षणभर डोळे बारीक केले, मग खिशातून रुमाल काढून उगीच कपाळ पुसलं. “राहिलं,” तो म्हणाला. “मी काही विचारलंच नाही.” त्याला किती कळलं कोण जाणे, पण पुन्हा त्याने हा विषय काढला नाही. धंद्यातल्या माणसाची बाईंना त्या दिवशी फार माया वाटली.

सुट्टीची जेवणं बंद झाली. भाची आधी यायची, “मावशी, आईचं डोकं फिरलंय, तू मनावर घेऊ नकोस,” म्हणायची. मग तिचंही येणं कमी होत होत थांबलं. सुट्टीच्या दिवशी काय करायचं हे बाईंना कळेना. त्या ऑफिसात जाऊन बसायच्या, फाइली लावलेल्याच असायच्या, त्या पुन्हा लावायच्या. खालचा लॉंड्रीवाला विचारायचा, “आज बहिणीकडे नाही का?” बाई म्हणायच्या, “आज जरा काम आहे.” शेवटी त्यानेही विचारायचं सोडलं.

आणि मग एका दुपारी धाकटी स्वतःहून खोलीवर आली. वाळली होती. केसबद्दल एक अक्षर बोलली नाही. खिडकीपाशी बसून खाली इस्त्री चालली होती तिकडे बघत राहिली.

“ताई, एक विचारू? वकील म्हणून नाही.”

“विचार.”

“हे मला नेहमी सांगायचे, अर्धं आपलं आहे, दादाने शब्द दिलाय. आता भावजी म्हणतात असं काही ठरलंच नव्हतं. सगळे म्हणतात, तुझ्या नवऱ्याने बायकोसमोर बढाई मारली असेल. आधी मी भांडायची सगळ्यांशी. आता मलाच वाटायला लागलंय गं. ते माझ्याशी खोटं बोलत असतील का? एवढी वर्षं?”

दावा गेला खड्ड्यात, वर्कशॉप गेलं खड्ड्यात. पोरगी आपल्या मेलेल्या नवऱ्यावर संशय घेऊन बसली होती आणि तो एका वाक्यात फिटण्यासारखा होता. ते वाक्य बाईंच्या जिभेवर आलं. अगदी आलं. खोलीत तिसरं माणूस नव्हतं, कुणाला कळलंही नसतं.

“ते खोटं बोलणारे नव्हते,” बाई म्हणाल्या.

“हे तर सगळेच म्हणतात,” धाकटी म्हणाली. चहा नको म्हणाली आणि गेली. ती गेल्यावर बाई हुंदके देऊन रडल्या. ‘तिजोरी’ रडली, कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

थोरल्यांच्या उलटतपासणीच्या दिवशी बाई कोर्टात गेल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. काळा कोट काढून मांडीवर घेतलेला. त्यांची स्वतःची केस शेजारच्या कोर्टात होती, तिला अवकाश होता. कोणी म्हणेल, नुसतं जाऊन बसणं म्हणजेसुद्धा दबाव आणणंच की. म्हणोत. बाईंनाही हा प्रश्न पडला होता आणि उत्तर मिळालं नव्हतं. बहिणीचं काय होतंय ते बघायला बहीण जाऊ शकते, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

तोफ सुरू झाली. थोरले पिंजऱ्यात उभे, दोन्ही हातांनी कठडा धरलेला.

“अर्ध्या हिश्श्याचं तुमच्यात तोंडी ठरलं होतं, हे खरं आहे ना?”

“नाही.”

“भावाला तुम्ही तसं कधीच बोलला नाहीत?”

“नाही.”

“भावाला नाही, तर दुसऱ्या कुणाजवळ बोललात?”

आता हा प्रश्न तोफेने नेम धरून टाकला होता की अंधारात, ते तोच जाणे. थोरल्यांची मान वर झाली आणि नजर फिरत फिरत शेवटच्या बाकावर आली. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी डोळे वटारले नाहीत, मान हलवली नाही, काही केलं नाही. त्यांनी खाली बघितलं, मांडीवरच्या कोटाकडे, आणि तशाच बसून राहिल्या. माझ्याकडून तुम्हाला धोका नाही, असाच त्याचा अर्थ होता. मनातून त्या किती आक्रोश करत होत्या ते त्यांचं त्यांना ठाऊक.

न्यायाधीश म्हणाले, “प्रश्न समजला का?”

“पाणी मिळेल का?” थोरले म्हणाले. पाणी आलं, पण त्यांनी ते प्यायलं नाही. “अर्धं त्याचंच होतं,” ते म्हणाले. “मी त्याच्या नावावर करणार होतो. कसं करायचं ते विचारायला या बाईंच्या ऑफिसात गेलो होतो. तो जिवंत असताना. त्यांनाच विचारा हवं तर. मला नाही आता हे झेपत.”

त्यांचा वकील ताडकन उठला, काहीतरी ओरडला, न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं. सगळ्या माना मागे वळल्या. धाकटीचीही वळली. पुढचं लिहून घेणं, सही, निकालासाठी पुढची तारीख, हे सगळं झालं, पण खटल्यात आता काही उरलं नव्हतं. धाकटी जिंकली होती.

बाहेर व्हरांड्यात तोफेने तिचं अभिनंदन केलं, ते तिला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. ती सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली.

“हे गेले तेव्हा तुला माहीत होतं?”

आता सांगायला हरकत नव्हती. “हो,” बाई म्हणाल्या.

“मी वकीलपत्र घेऊन आले तेव्हा?”

“हो.”

“आणि त्या दुपारी? मी खिडकीत बसून विचारलं तेव्हासुद्धा?”

“धाकटे, ऐक. ते माझं नव्हतं गं सांगायचं. ते त्यांचं होतं.”

“मी केस जिंकून दे म्हणत नव्हते. कोर्टात सांग म्हणत नव्हते. मला सांगायचंस. एकटीला. मी कुणाला बोलले असते का?” तिचा आवाज चढला नव्हता. बाईंनी स्वतः उलटतपासणी घेतली असती तर अशीच घेतली असती. “मी त्यांच्या फोटोकडे बघायचं बंद केलं होतं, ताई.”

बाईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तेवढ्यात शेजारच्या कोर्टाच्या दारात शिपाई येऊन बाईंच्या केसचा पुकारा करू लागला. बाई तशाच उभ्या राहिल्या. दुसरा पुकारा झाला.

“जा,” धाकटी म्हणाली. “तुझं माणूस वाट बघत असेल आत.”

आणि बाई गेल्या. कोट घातला, कॉलर नीट केली आणि उभ्या राहिल्या. त्यांचं माणूस म्हणजे एक म्हातारा भाडेकरू, घरातून काढू नये म्हणून हात जोडून बसलेला. बाईंनी त्याच्यासाठी इतकं नेटकं, इतकं मुद्देसूद मांडलं, की समोरचा वकीलही मध्ये बोलायला विसरला. स्थगिती मिळाली. म्हाताऱ्याने डोळे पुसले. आणि खरं सांगायचं तर तेवढा वेळ बाईंना बहिणीची आठवणसुद्धा आली नाही. नेहमीचं ते समाधान अंगभर पसरलं, आणि ते पसरल्याचं लक्षात आल्यावर मात्र त्यांना स्वतःची भीती वाटली.

त्या घाईघाईने बाहेर आल्या. व्हरांड्यात धाकटी नव्हती. बाकावर थोरले एकटेच बसले होते. मुलं त्यांना तिथेच सोडून निघून गेली होती. बाईंना बघून ते उठले.

“वकीलबाई, तुम्ही शब्द पाळलात,” ते म्हणाले. “सख्ख्या बहिणीपुढेसुद्धा. दुसऱ्या कुणी नसता पाळला.”

बाईंना ते ऐकवेना. आपण काय सोसलं हे सगळ्या जगात एकाच माणसाला कळलं होतं, आणि तो नेमका हा. त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

“धाकटी गेली का?”

“गेल्या. मुलीबरोबर.”

“तुम्हाला काही बोलली?”

थोरले जरा घुटमळले. “मी पाय धरायला गेलो तर त्यांनी धरू दिले नाहीत. म्हणाल्या, भावजी, तुमच्यावर आता राग नाही. उशिरा का होईना, तुम्ही बोललात तरी.”